वहिनींना दिलेली खीर
जायफळ किसायला घेतलं की मला परळच्या या इमारतीतली आमची पहिली बुद्धपौर्णिमा आठवते बघा. सुजाताने बुद्धांना खीर दिली, त्याची आठवण म्हणून आम्ही त्या दिवशी खीर वाटतो. शेजारच्या वहिनींचे गणपतीतले मोदक आम्ही आवडीने खाल्ले होते, म्हणून पहिला डबा त्यांचाच भरला. "अगंबाई, कशाला एवढं!" म्हणत त्यांनी हसून घेतला. संध्याकाळी पांढरी साडी नेसून विहारात गेले, तर त्यांच्याकडे भांडी घासणारी आमच्यातलीच बाई माझाच डबा उघडून बसलेली. "घ्या ना काकी, मालकिणीने दिलीय. म्हणाली, तुमच्यातल्यांचीच आहे, तूच घेऊन जा." मी चमचाभर खाल्ली. ती बिचारी खुशीत होती, तिला काय सांगणार? दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये वहिनी आपणहून म्हणाल्या, "खीर मस्त झाली होती हो, मुलांनी चाटूनपुसून खाल्ली." मी म्हटलं, "हो का." आता दरवर्षी खीर होते, सगळ्या मजल्यांवर जाते, पण त्या दाराशी मी पुन्हा गेले नाही. का आली नाहीस, असं त्यांनीही कधी विचारलं नाही.