माहेरची चांदी आधी वितळली

धरणगावच्या सोनाराकडे दागिना मोडायला जाताना आमच्याकडच्या बायका मूस घरून नेत. मूस म्हणजे धातू वितळवायची मातीची वाटी. सोनाराच्या मुशीला दुसऱ्या कुणाचं तांबं-पितळ चिकटलेलं असेल, ही शंका. धातूतला मळ काढणारा टाकणखारसुद्धा पदराच्या गाठीत बांधून न्यायचा.

बहिणीचं लग्न ठरलं, तेव्हा आई अशीच तयारीनं निघाली. मी नुकताच अमळनेरच्या कॉलेजातून रसायनशास्त्र घेऊन पदवीधर झालो होतो, घराण्यात पहिलाच. सोनारावर नजर ठेवायला तिनं मला सोबत घेतलं.

तिच्याजवळ चांदीच्या कड्यांचे दोन जोड होते, एक सासरचा, एक माहेरचा. सासरच्या चांदीवर तिचा कधीच विश्वास नव्हता. वडिलांशी वाजलं की ती हमखास म्हणे, "मन्हा बापनी चांदी चोख शे, तुमनी देखा!" आजोबांनी दिलेल्या चांदीतून मामांनी तो माहेरचा जोड घडवून आणला होता. लेकीच्या पायात तीच चांदी जावी, सासरच्या चांदीचं बाकी काहीही होवो, एवढाच तिचा हट्ट होता.

दोन्ही मुशी एकाच भट्टीत ठेवल्या. भाता चालू झाला. आई पापणी लवू देईना. थोड्या वेळानं एका मुशीतली कडी खचली आणि पाण्यासारखी हलू लागली. दुसरीतली अजून लालबुंद, पण ताठ होती.

वितळली होती ती माहेरची.

"नाना, काय टाकं त्यामा?" आई कडाडली.

"अक्का, मूस तुमनी, टाकणखार तुमना. मी काय टाकू?" सोनार माझ्याकडे वळला. "भाऊ, तू शिकेल शे ना? सांग आते."

शुद्ध चांदी वितळायला फार उष्णता लागते, तांब्याला त्याहून जास्त. पण चांदीत तांबं मिसळलं की ते मिश्रण दोघांच्याही आधी वितळतं. आमच्या प्राध्यापकांनी शिसं आणि कथील घेऊन हे डोळ्यांसमोर करून दाखवलं होतं. त्यांच्यामुळेच मला हे कळत होतं, आणि त्या क्षणी ते कळलं नसतं तर बरं, असं वाटलं. मुशी निवल्यावर आईच्याच टाकणखाराची माहेरच्या मुशीत हिरवट काच झालेली दिसली. तोही तांब्याचाच रंग. सासरच्या मुशीत ती जवळजवळ पांढरी होती.

मी हे हळू आवाजात सांगितलं. आईनं आधी सोनाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तू बी त्यानाच बाजूना शे का?"

बहिणीचे पैंजण सासरच्या चांदीचे झाले. वडील त्यावर एक शब्द बोलले नाहीत, आईला त्याचाही संशय आला. माहेरची लगड तिनं फडक्यात गुंडाळून डब्याच्या तळाशी ठेवली.

त्या दिवाळीत आम्ही मामांकडे गेलो. मामी वाढत होत्या. त्यांच्या पायांत आईच्या माहेरच्या जोडासारख्याच घडणीची कडी होती. जेवण होईपर्यंत आईची नजर तिथून हलली नाही.