गुंत्याची पिशवी

सुईणबाईंच्या बॅगेत सगळं जागच्या जागी असायचं. हातमोजे, कात्री, नाळेला लावायच्या क्लिपा, रक्तदाब मोजायचं यंत्र, पोटावर लावून बाळाचे ठोके ऐकायची नळी. आणि सगळ्यात तळाशी एक कापडी पिशवी. तिच्यात लोकरीचा असा भयंकर गुंता होता, की नुसता बघूनच डोकं उठावं. नवख्या माणसाला वाटायचं, बाई फावल्या वेळात विणत असतील. कसलं विणतायत! बाईंना साधा टाका घालता येत नव्हता. ती पिशवी बाळंतिणीच्या आईसाठी होती.

त्याचं असं, की बाईंचा या आयांवर दात होता. घरी बाळंतपणं करायची म्हणजे घरात माणसं असणारच, ते बाईंना चालायचं. नवरा चालायचा, सासू चालायची, शेजारीण डोकावून गेली तरी चालायचं. पण पोरीची सख्खी आई खोलीत आली की सगळा विचका. ती पोरीचा हात धरणार, डोळ्यांत पाणी आणणार, "फार दुखतंय का गं" म्हणून दर मिनिटाला विचारणार. मग पोरगी आपल्या कळा सोडून आईचीच समजूत काढत बसायची आणि कळा जायच्या थंडावून. म्हणून बाईंनी नियमच करून टाकला. पोरीची आई खोलीबाहेर.

आता आईला नुसतं बाहेर काढून भागत नाही. ती दाराला कान लावून बसते. मग बाई पिशवी काढून तिच्या मांडीवर ठेवायच्या आणि गंभीर चेहऱ्याने सांगायच्या, "काकू, एवढी लोकर सोडवून ठेवा. बाळाला लागणार आहे." कशाला लागणार, हे विचारायचं कुणालाही सुचायचं नाही. काकू खाली मान घालून गुंत्यात शिरायच्या ते थेट बाळ होईपर्यंत. मग बाई बाहेर येऊन आपलं ठरलेलं वाक्य टाकायच्या, "बघा, तुम्ही बाहेर गेलात आणि पोरगी मोकळी झाली." सगळे हसायचे. आजीसुद्धा हसायची. बाई घरी गेल्या, की सोडवलेली लोकर पुन्हा नीट गुंतवून ठेवायच्या.

तर अशा या बाईंची स्वतःची लेक बाळंतपणाला माहेरी आली.

आली ती डोक्याला ताप घेऊन. बाळाला जन्मल्या जन्मल्या अंगावर घ्यायचं, नाळ धडधडायची थांबल्याशिवाय कापायची नाही, पहिल्या दिवशी आंघोळ नाही, बाटली नाही, पाळणा नाही, बाळ आईजवळच झोपणार. बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. यातलं एकही त्यांना अमान्य नव्हतं, हेच तर दुखणं होतं. उभा जन्म त्या हेच कानीकपाळी ओरडत आल्या. तेव्हा लेकीने कान झाकून घेतले, आणि आता मोबाइलमधली कुठलीशी बाई गोड आवाजात तेच सांगते, तर लगेच पटलं.

"हे मी तुला सांगितलं नव्हतं?" बाईंनी विचारलं.

"तू ओरडून सांगतेस," लेक म्हणाली. "ती समजावून सांगते."

त्यापुढचं तर आणखी जिव्हारी लागणारं होतं. लेक म्हणाली, बाळंतपण याच घरात करायचं, पण धाकट्या बाईंच्या हातून. धाकट्या बाई म्हणजे बाईंच्याच हाताखाली शिकून तयार झालेली सुईण. हुशार, हाताची हलकी आणि तोंडाने कमी. बाईंनीच तिला घडवलं होतं.

"आणि मी?"

"तूच म्हणतेस ना, पोरीची आई खोलीत नको."

बाई फणकारल्या, "मग दवाखान्यात जा. निदान मी बाहेर बसले तर लोक हसणार तरी नाहीत."

लेकीने पोटावर हात ठेवला. मग हळूच म्हणाली, "लहानपणी तू सारखी कुणाच्या ना कुणाच्या घरी असायचीस. त्यांच्याकडे बाळं व्हायची आणि आपल्याकडे नुसतं कुलूप. मला एक बाळ आपल्या घरात व्हायला हवंय, आई. बाकी काही नाही." मग बाईंना दवाखान्याचं नाव काढता येईना.

कळा सकाळी सुरू झाल्या. धाकट्या बाई आल्या, हात धुतले, लेकीला तपासलं आणि खोलीचं दार ओढून घेतलं. जावई आत होता. तो घड्याळं दुरुस्त करायचा. त्याने दोन कळांमधलं अंतर मोजायला तीन घड्याळं मांडून ठेवली होती आणि तिन्ही वेगवेगळी वेळ दाखवतात म्हणून तो हैराण झाला होता. बाई स्वयंपाकघरातून बैठकीत आणि बैठकीतून स्वयंपाकघरात भिंगरीसारख्या फिरत होत्या. तेवढ्यात दार उघडलं. धाकट्या बाई बाहेर आल्या. बाईंचीच जुनी बॅग कोपऱ्यात होती. तिच्या तळाशी हात घालून त्यांनी पिशवी काढली आणि बाईंच्या हातात दिली.

"एवढी लोकर सोडवून ठेवा, बाई."

"अगं, मला देतेस? मला?"

"बाळाला लागणार आहे," धाकट्या बाई म्हणाल्या आणि आत गेल्या. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही मेलीच्या.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पिशवी त्यांनी खुर्चीवर आपटली आणि दारापाशी जाऊन उभ्या राहिल्या. नुसत्या आवाजावरून त्यांना कळायचं, पोरगी कुठवर आलीय. हा आवाज छातीतून येत होता. तो पोटातून यायला हवा होता. बाई खाकरल्या. मग दाराच्या फटीतून म्हणाल्या, "कुशीवर वळव तिला." थोड्या वेळाने, "खिडकी उघड, गुदमरेल ती." मग, "चालव तिला जरा." आतला आवाज कमी कमी होत गेला आणि जेवणाची वेळ टळून गेली तशी अधूनमधून नुसती कुजबूज ऐकू यायला लागली. कळा थंडावल्या होत्या.

धाकट्या बाई बाहेर आल्या. दार मागे नीट लावून घेतलं.

"बाळाचे ठोके छान आहेत. तीही ठीक आहे. पण तुम्ही खोकलात की ती दाराकडे बघते. तुम्ही बोललात की कळ अर्धी सोडते. संध्याकाळपर्यंत कळांनी जोर धरला नाही तर मी थांबणार नाही, दवाखान्यात हलवीन. मोटार सांगून ठेवलीय. तिला ते नकोय, तुम्हाला माहीत आहे."

"मग मी काय करू?"

"घराबाहेर जा. जिन्यात नाही. खाली, रस्त्यावर."

स्वतःच्या घरातून, स्वतःच्याच शिष्येने, स्वतःच्याच नियमाने! बाईंनी पिशवी उचलली, चपला पायांत सरकवल्या आणि जिना उतरल्या.

समोर इस्त्रीवाल्याचं दुकान होतं. बाहेर बाकडं. बाई तिथे बसल्या. येणारी-जाणारी माणसं विचारायला लागली, "बाई, आज निवांत?" यातल्या अर्ध्यांना बाईंनीच जगात आणलं होतं आणि त्या क्षणी त्यांना त्याचा पश्चात्ताप होत होता. काहीतरी हाताला हवं म्हणून त्यांनी लोकर बाहेर काढली.

इस्त्रीवाल्याने मान वाकडी करून पाहिलं. "ही तीच का? आमच्या पहिल्याच्या वेळची?"

"तीच."

"सासूबाई अजून विचारतात. नातू शाळेत जायला लागला, तरी म्हणतात, त्या लोकरीचं बाईंनी शेवटी विणलं तरी काय? बोटं सुजली होती त्यांची. म्हणायच्या, पोरीसाठी दुसरं काही करता येत नव्हतं, निदान तेवढं तरी केलं."

खाली मान घालून बाईंनी एक टोक शोधलं. दुकानात रेडिओ मोठ्याने चालला होता आणि ओल्या कपड्यांवर इस्त्री चर्र करत होती. एक गाठ सुटली, तिच्या खाली दुसरी निघाली. दवाखान्याची मोटार येते का म्हणून आधी त्या सारख्या रस्त्याकडे बघत होत्या. मग तेही विसरल्या. गुंता आपणच कसा करून ठेवलाय, हे त्यांना पहिल्यांदाच दिसत होतं. कुणी सोडवूच नये असा. तरी त्या सोडवत राहिल्या.

जावई अनवाणी धावत आला तेव्हा उन्हं कलली होती.

"आई, मुलगी झाली. दोघी छान आहेत."

"कधी?"

"झाला थोडा वेळ. नाळ थांबेपर्यंत कापायची नव्हती ना, तोवर मी तिथेच होतो. वेळ बघायची राहूनच गेली."

"रडली का?"

"रडली की. केवढ्यांदा रडली. तुम्हाला इथवर ऐकू आलं असेल."

बाईंनी दुकानातल्या रेडिओकडे एकदा बघितलं. साऱ्या गल्लीतल्या पोरांचं पहिलं रडणं त्यांनी ऐकलं होतं. घरच्या पोरीचं तेवढं राहिलं.

खोलीत लेक पलंगावर उशीला टेकून बसली होती, बाळ तिच्या छातीवर. धाकट्या बाई हात पुसत वळल्या आणि अगदी बाईंच्याच सुरात म्हणाल्या, "बघा, तुम्ही बाहेर गेलात आणि पोरगी मोकळी झाली."

जावई हसला. लेकही थकल्या चेहऱ्याने हसली. बाईंनीही हसून घेतलं. मग त्यांनी दोन्ही हातांनी नातीला उचललं आणि तिच्या मिटल्या डोळ्यांकडे बघत राहिल्या.

बाळ पुन्हा आईच्या अंगावर गेल्यावर धाकट्या बाईंना बाईंनी आल्या आल्या खुर्चीवर ठेवलेली लोकर दिसली. नीट गुंडाळलेले दोन गोळे. त्या घाबरल्याच. "अहो, सगळी सोडवलीत? आता पुढच्या आजीला काय द्यायचं?"

"आण इकडे," बाई म्हणाल्या. "आणि ऐक. बाळाचं डोकं दिसायला लागलं की दार उघडायचं. आजीला आत घेऊ नकोस हवं तर, पण तिला ऐकू येऊ दे."

धाकट्या बाईंनी मान हलवली. बाई पलंगाच्या पायथ्याशी बसल्या आणि लोकर पुन्हा गुंतवायला लागल्या. या वेळी त्यांनी गाठी जरा सैलच ठेवल्या.