जिन्याखालून हाक

तायडे मावशींच्या घरात मी चार वर्षं भाड्याने राहिले, पण न विचारता त्या माझ्या जिन्याची एक पायरीसुद्धा चढल्या नाहीत. काम असलं की खाली नळाजवळ उभं राहून हाक मारायच्या, "वसुधा, येऊ काय व वर?" मी 'या' म्हटल्यावरच चपला काढायच्या. एकदा मी म्हटलं, "मावशी, घर तर तुमचंच आहे." तर म्हणाल्या, "भाड्यानं देल्लं तं तुह्यं झालं. आता मी पाहुणी."

मावशी अकोल्यात सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, तिथूनच निवृत्त झाल्या. आवाज मोठा, बोलणं रोखठोक. मी तेल्हाऱ्याची, इथे कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला. सोबत बाबा. त्यांना विसरण्याचा आजार जडला होता. मी कामावर असताना एक बाई त्यांच्याजवळ थांबायची. तरी 'वावरात जायचं हाय' म्हणत ते दार बडवायचे. आधीच्या घरमालकाने आजार कळताच खोली सोडायला लावली होती, म्हणून मावशींना मी काही सांगितलंच नव्हतं.

खालच्या दोन खोल्यांत कडू नवरा-बायको भाड्याने राहत. त्यांनी आवाजाची तक्रार केली तेव्हा मावशी विचारून वर आल्या.

"दार वाजते दिवसभर. काय होऊन राहिलं?"

"बाबा व्यायाम करतात," मी म्हटलं.

त्या हसल्या नाहीत. "पोरी, जिंदगीभर पेशंट पाह्यले मी. काल तुह्या बाबानं मले तीनदा नाव इचारलं. खरं सांग, मंग काय करायचं ते दोघी पाहू."

मला रडूच फुटलं. सगळं सांगितलं आणि दुसरं घर शोधायला महिनाभर तरी द्या, असं विनवलं.

"खोली खाली कर, असं सांगाले आली काय मी? इचाराले आली." मग म्हणाल्या, "कडूइले सांगू काय? दुखणं तुह्या बापाचं हाय. तू हो म्हणशील तरच सांगीन."

मी हो म्हटलं. माझ्या माघारी मात्र त्या बोलल्या नाहीत. मला सोबत घेऊन गेल्या आणि माझ्यासमोर सांगितलं. त्यानंतर बाबा वावरात जायला जिना उतरले की कडूभाऊच त्यांना अडवायचे, "काका, पेरणी झाली. चाला, चहा घेऊ." बाबा मुकाट मागे फिरायचे.

मावशी चुकायच्यासुद्धा. एकदा टाकी भरून वाहिली, तेव्हा अंगणात सगळ्यांदेखत त्या माझ्यावर ओरडल्या. मोटार मी लावलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांनी कडूंनाही बाहेर बोलावलं. "चूक माही होती, वसुधाची नाही," म्हणाल्या, "बोलली चारचौघात, तं माफीबी चारचौघात."

मग त्यांच्या मुलीचं नागपूरहून कायमचं परतायचं ठरलं. सहा महिने आधीच मावशी वर आल्या. मी दिलेला पाण्याचा पेला हातात धरून बसल्या, पाणी प्याल्या नाहीत. "वरच्या खोल्या पोरीले लागतीन. फोनवर सांगाचं मनात आलं होतं, पन ते बरं नाही. म्हणून तोंडानं सांगाले आली."

मला राग आला. तीन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. त्या रोज खालून विचारायच्या, "आजबी नाही बोलायचं? बरं, उद्या." चौथ्या दिवशी मीच खाली गेले. त्यांनी एवढंच सांगितलं, "घर पाहाच्या आंधी बाबाचं सांगजो. लपवशील तं रोज भेत राह्यशील."

तसंच केलं. दारातच सांगायचे, मग घर बघायचे. दोन घरमालकांनी तोंडावर नकार दिला. तिसऱ्या घरच्या बाईंनी बाबांना काय आवडतं ते विचारलं आणि खोल्या दिल्या.

तिथूनच मी मावशींना फोन केला. त्या दोघांबद्दल मी तावातावाने बोलत होते. मावशींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "त्याइच्यावर राग नको धरू, बाई. सामोर उभं राहून नाही म्हणाले, हे काय कमी हाय?"