उपासाचं पपनस

बहादरपूरच्या धुरपदाबाई या माझ्या मोठ्या नणंदबाई. साठी उलटली तरी केळीच्या बागेत मजुरांच्या पुढे चालायच्या. बुऱ्हाणपूर जिल्हा झाला त्याच्या पुढच्या वर्षी त्यांच्या छातीत दुखलं आणि डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची गोळी सुरू केली, रोज रात्री एक. चार महिने काही त्रास नव्हता. भाद्रपदात मात्र मांड्या इतक्या दुखू लागल्या की उठताना दोन्ही हात टेकावे लागत.

"गोळीनंच पाय गेले माझे. आता बंद," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, गोळी सोडली आणि छाती पुन्हा दुखली तर? म्हटलं, "वन्सं, आधी डॉक्टरांना विचारू." रिक्षात बसवून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी रक्त तपासायला घेतलं आणि विचारलं, "मावशी, रात्री काय खाता?"

"काहीच नाही. चातुर्मासाचा नेम हाय, एकवेळ जेवते."

"म्हणजे गोळी उपाशीपोटी?"

"उपाशी कशाला? फराळ करते ना."

"फराळात काय?"

"चकोतरा. एक आख्खा. देवाला दाखवते, खाते, वरून गोळी."

चकोतरा म्हणजे आपलं पपनस. त्यांच्या विहिरीपाशी झाड आहे, त्या साली फळांनी वाकलं होतं. आम्हा बायकांना उपासाचं खाणं हे खाणं वाटतच नाही. मीसुद्धा सांगितलं नसतं.

डॉक्टर म्हणाले, "या फळामुळे गोळीतलं औषध पोटात पुरेसं मोडत नाही, म्हणून रक्तात जास्त उतरतं. पाय त्यानंच दुखत असतील. काही दिवस गोळी थांबवू, रिपोर्ट बघून पुन्हा सुरू करू. चकोतरा मात्र बिलकुल बंद."

"आणि माझा नेम?" वन्संचा चेहरा उतरला.

"नेम फळाचा आहे ना? केळं दाखवा," मी म्हटलं.

"केळं? देवाला वाटेल, घरात पडलं होतं तेच दिलं."

"आणि पपनस काय बाजारातून आणत होतात?"

तेव्हा कुठे त्या हसल्या.

रिपोर्ट फार वाईट नव्हता. तीन आठवड्यांत दुखणं ओसरलं, मग डॉक्टरांनी गोळी पुन्हा चालू केली. या खेपेला वन्सं कुरकुरल्या नाहीत. केळ्यावर नेम पुरा झाला. कार्तिकी पुनवेला आम्ही राजघाटावर तापीमाईत दिवे सोडायला गेलो. पायऱ्यांवर मी हात पुढे केला तर म्हणाल्या, "तू तुझं पातळ सांभाळ, शेवाळ हाय इथं," आणि माझ्या आधी खाली पोचल्या.