मरियेचा गजरा

वसईच्या आमच्या आळीत मे महिन्यात रोज संध्याकाळी क्रुसापाशी रोझरीची, म्हणजे मरियेच्या जपमाळेची प्रार्थना होते. काल आई तिथल्या मरियामातेला मोगऱ्याचा गजरा घालत होती. माझे भावोजी प्रॉटेस्टंट आहेत. ते मला म्हणाले, “थेट येशूशी बोलावं, मध्ये मरिया कशाला?”

गेल्या वर्षी त्यांच्या पप्पांचं ऑपरेशन होतं, तेव्हा त्यांनीच आईला फोन केला होता, “आई, प्रार्थना करा.” तेव्हा येशू काही त्यांच्यापासून दूर नव्हता. पण माणूस अडला की आपल्या माणसांना हाक मारतोच. आणि हे जग सोडलं म्हणून मरियेसारखी आपली माणसं परकी होत नाहीत. हे मी कुणापुढेही ठामपणे सांगेन.

भावोजींना सांगणार, तेवढ्यात आई मागे न वळताच म्हणाली, “तुमच्या पप्पांसाठी मी इथंच उभी होते.”