डोंगराकडे पाय

बालीतल्या त्या गावात सुकेर्तीची खोली सगळ्यांत स्वस्त. नवरा गेल्यावर त्याच एका खोलीवर तिनं घर चालवलं, पाहुण्यांचे नखरे हसत सोसले. पण त्या सकाळी ती झाडायला आत गेली आणि तिचं डोकंच फिरलं. पडल्या पडल्या खिडकीतून अगुंग पर्वत दिसावा, म्हणून पाहुण्यानं पलंगच उलटा फिरवला होता. रात्रभर पाय देवांच्या डोंगराकडे!

तिनं एकटीनं पलंग ओढत पुन्हा जागेवर आणला.

“अहो बाई, मी भाडं दिलंय!” पाहुणा ओरडला.

“खोलीचं दिलंयस. डोंगर नाही दिला भाड्यानं!”

“मग तो बघायचा कसा?”

“मेल्या, उभा राहून बघ, हात जोडून! आम्ही जन्मभर तसाच बघतोय.”