पोटाशी शिवलेला हात

"हात ढिला सोड वं माय, खाऊन नाही राहिली मी!" असं म्हणत ती बाईचा पंजा दाबायची आणि डोळे मिटून बांगडीचं माप सांगायची. माझं सव्वादोन म्हणजे सव्वादोनच. तेल्हाऱ्याहून एसटीनं पेटी घेऊन आमच्या अकोल्याच्या गल्लीत यायची. तुम्हीही अशा बांगडीवाल्या पाहिल्या असतील, पण हिचं माप कधी चुकलं नाही.

पुढं वर्षं वाईट आली. खेड्यात बांगड्या भरायला हात पुढे येईनात. काही तर कायमचेच उघडे झाले. ती सोयाबीनच्या मळणीवर मजुरीला गेली आणि यंत्रानं उजव्या तळहाताची कातडी सोलून नेली. मी दवाखान्यात आया होते, माझ्याच वॉर्डात आली.

डॉक्टरांनी तिच्या पोटावरची कातडी पाकिटाच्या झाकणासारखी उचलली, एक बाजू पोटालाच ठेवली आणि पंजा त्या कातडीखाली शिवला. कातडी हातावर रुजेपर्यंत तिला रक्त पोटाचंच. तीन आठवडे.

"साहेब, बोटाईले समजन ना?"

"आधी हात वाचू द्या."

कूस बदलता येईना. वेणी मी घालायची, घास मी भरवायची. "बाई, चोराले बी जेलमधी फिरू देतेत. मले माह्याच पोटाशी बांधलं!" म्हणून हसायची, हसलं की टाके ओढायचे.

बाराव्या दिवशी शेजारच्या खाटेवरच्या सुनेला सासू बांगडी चढवत होती, पंजा न दाबता, नुसती ढकलत. "या अल्ला, हाड मोडसान पोरीचं!" अशी आमची बांगडीवाली ओरडली आणि काय सांगू, शिवलेला हातच पुढे झेपावला. दोन टाके तुटले. कातडीची कड निळी पडली.

दोन दिवस एकच प्रश्न, "मेली का वं कातडी?"

तिसऱ्या दिवशी कड गुलाबी झाली. मी रडले, ती नाही.

पुढं जोड कापला, हात सुटला. तळव्यावर पोटाची जाड, मऊ कातडी. तिनं माझा पंजा दाबला. पुन्हा दाबला.

"येईल गं समज, वेळ लागतो," मी म्हटलं.

"हाव," ती म्हणाली.

दोनेक वर्षांनी बाजारात दिसली. लेक बांगड्या भरत होती, ही मागे बसलेली, हात ओढणीखाली. मला पाहून केवढी हरखली! "बाईले हिरव्या दे वं. अडीचच्या."

माझा हात तिनं धरला नाही. लेकीनं चढवल्या, त्या थेट कोपराकडे घसरल्या.

"बरोब्बर बसल्या," मी म्हटलं, आणि हात वर न उचलता घरी आले.